नऊशे नव्याण्णव

नववी ब, प्रश्न दुसरा, अ:
शुद्ध पदार्थाची दोन उदाहरणे लिहा.
सगळ्यांनी लिहिलं होतं, सोनं आणि ऊर्ध्वपातित पाणी,
कारण फळ्यावर तेवढंच लिहून दिलं होतं मी.
मागच्या बाकावरच्या एकाने लिहिलं, कुंदा.
बेळगावच्या पोराला यावर काय बोलायचं,
शून्यच दिलं, पण लाल पेन जोरात दाबलं नाही.

आणि रेहाना झारेकरीने लिहिलं होतं:
'बाई, मी अजून एकही बघितला नाही.'

शून्य.
हे मात्र दाबून.

शहापूरच्या सराफ गल्लीत
दुकानांच्या फळ्या उघडायच्या आत
तिचा बाप गटारीच्या कडेला उकिडवा बसलेला असतो.
मऊ केसांचा कुंचला, एक पत्र्याचं घमेलं.
पायरीच्या फटीतली धूळ,
कारागिरांनी हात धुतलेल्या पाण्याचा गाळ,
हे सगळं तो पोत्यात भरून घरी नेतो.
पाण्यात फिरवतो, हलकं ते वाहून जातं.
लोहचुंबक लावून लोखंडाचा कीस उचलतो.
मग पारा, मग फडकं, मग तेजाब.
माझा अख्खा धडा, क्रमसुद्धा तोच,
फक्त नरसाळं नाही आणि घंटा होत नाही.

मला हे कळलं ते आई गेल्यावर.
तिच्या चार पाटल्या. दोन मला, दोन हुबळीच्या वहिनीला.
पण कुठल्याही दोन घ्या, वजन जुळेना.
भाऊ म्हणाला, आटवून टाक, ग्रॅमवर वाटू,
उगीच मनात राहायला नको.
सराफाने मला गल्लीच्या मागे पाठवलं, दस्तगीरकडे.

त्याने मुलीला दखनीत हाक मारली,
कोळसेवाल्याशी कन्नडमध्ये दरावरून वाद घातला,
आणि मला म्हणाला, बसा की ओ बाई, स्टूल पुसूलालोय.

रेहाना चहा घेऊन आली.
माझ्याकडे बघितलं नाही. पेपर आदल्या दिवशीच दिले होते.

तो पाटली उजेडाला धरून सांगत गेला:
हे तांबं. ही थोडी चांदी.
हितं झाळ दिलीय, दोनदा, म्हणजे एकदा तुटलेली.
(मला माहीत नव्हतं. कधी तुटली, कुणाला दाखवून आणली?)
मग सुई घेऊन नक्षीतलं काळं टोकरू लागला,
एकेक पाकळी, वर्तमानपत्राच्या कपट्यावर.
हे काय, मी विचारलं.
पीठ, तो म्हणाला. साबण. तेल. हळद असंल.
बायकांच्या हातातल्या सोन्यात हे असतंयच.

दुसऱ्या दिवशी दोन तुकडे मिळाले, अगदी सारखे,
आणि मशीनची चिठ्ठी: ९९९.
हजारातला एक कुठाय, मी विचारलं,
वर्गात विचारते तशा आवाजात.
तो हसला नाही.
तो निघत नाही बाई. माझ्या बापाला निघाला नाही, आजाला नाही.
ही बोलली असंल की तुम्हाला.

बोलली होती.

कपट्यावरचं ते काळं त्याने नेहमीच्या डब्यात टाकायला घेतलं,
यात पण असतंय थोडं, म्हणाला.
मी ते मागून घेतलं. त्याला तोटा झाला असेल,
गुंजेच्या कितव्या भागाचा, देव जाणे.

वहिनीचा तुकडा रजिस्टर पोस्टाने पाठवला नाही,
भाऊ स्वतः येऊन घेऊन गेला, स्टेशनवरूनच.
माझा बँकेत आहे.

पुडी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे,
तुरटी आणि मोरचूद यांच्या मधे.
बाकी सगळ्या बाटल्यांवर माझ्या अक्षरात लेबलं आहेत.
हिच्यावर लावायला कागद कापून ठेवलाय.

रेहानाच्या पेपरात शून्याचा एक केला मी,
दोनपैकी.
खाली सही, तारीख.
हेडमास्तरांनी विचारलं, दुसरं उदाहरण कुठाय?
म्हटलं, शोधूलालीय ती.